कैलास ‘बांधलं’ म्हणू नका

आमच्याकडं दिवाळीला पाहुणे आले की दोन गोष्टी ठरलेल्या. पहिल्या दिवशी फराळ, दुसऱ्या दिवशी वेरूळ. (दुसरा दिवस मंगळवार निघाला तर म्हैसमाळ. मंगळवारी लेणी बंद असतात आणि हे दर वर्षी कुणीतरी विसरतंच.) छत्रपती संभाजीनगरहून तीसएक किलोमीटर. वाटेत देवगिरीचा किल्ला, मग घाट चढून खुलताबाद, आणि तिथून उतरलं की वेरूळ. गेल्या वर्षी पुण्याचा भाचा सोबत होता, दहावीतला. सोळा नंबरच्या, म्हणजे कैलास लेण्याच्या अंगणात पोचलो तसा त्याने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

“मामा, हे बघ ना. हे माणसांनी बांधलेलं नाहीये म्हणे. अठरा वर्षांत दोन लाख टन दगड काढला! शक्यच नाही.”

व्हिडिओत पाठीमागं गूढ संगीत, वरून घिरट्या घालणारा कॅमेरा आणि परग्रहावरून आलेल्या कुणाकुणाच्या गोष्टी चालल्या होत्या.

“अर्धं बरोबर आहे,” मी म्हटलं. “हे बांधलेलं नाहीच.”

सगळी गोम या एका क्रियापदात आहे. आपण घर बांधतो, धरण बांधतो, देऊळ बांधतो. म्हणजे दगडावर दगड, विटेवर वीट. वेरूळच्या कैलासात दगडावर दगड ठेवलेला नाही. एका डोंगरातून जे नको होतं ते काढून टाकलं आणि उरलं ते देऊळ. म्हणून त्याला लेणं म्हणायचं आणि ते कोरलं म्हणायचं. (दागिन्यालाही आपण लेणं म्हणतो, पण तो शब्द वेगळा. डोंगरातल्या लेण्याचा शब्द ‘लयन’ म्हणजे राहायची जागा यावरून आला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्राकृत शिलालेखांतही तो ‘लेण’ असाच भेटतो.)

आता हे डोळ्यांसमोर कसं आणायचं? मला विचाराल तर विहिरीवरून.

माझ्या थोरल्या काकांनी १९७२ च्या दुष्काळानंतर कन्नडच्या बाजूला विहीर खांदली. वरचं दीड-दोन परस (परस म्हणजे माणसाच्या उंचीएवढं माप) मुरूम लागला, तो टिकाव-फावड्याने निघाला. खाली काळा खडक. तिथून पुढं सुरुंग, घण, पहार आणि शिव्या. काका सांगायचे, विहिरीत सगळ्यात अवघड काम पहिल्या दिवशी असतं, तोंड आखायचं. त्या दिवशी चुना टाकून जी रेघ मारली, तीच शेवटपर्यंत खाली उतरणार. मधेच वाटलं की विहीर जरा रुंद पाहिजे होती, तर वरपासून पुन्हा सगळं उतरवत यावं लागतं.

कैलास लेणं म्हणजे अशीच एक अवाढव्य विहीर, फक्त मधला दगड न फोडता राखलेली.

वेरूळचा डोंगर म्हणजे लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेला बेसॉल्ट, आपण ज्याला काळा पाषाण म्हणतो तो. दख्खनचे हे थर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. या डोंगराची पश्चिमेकडची बाजू उतरती आहे. कारागिरांनी वरून तीन चर घेतले. दोन डोंगरात आत शिरणारे, एकमेकांना समांतर. तिसरा मागच्या बाजूने त्या दोघांना जोडणारा. चर खोल होत गेले तसं मधे दगडाचं एक बेट उभं राहिलं, तिन्ही बाजूंनी डोंगरापासून सुटलेलं. आज आपण ज्या अंगणात उभे राहतो ते सुमारे ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद आहे. मागचा कडा ३० मीटरच्या वर जातो. मधल्या बेटातून देऊळ निघालं, त्याचं शिखर अंगणापासून साधारण ३० मीटर. दहा मजली इमारत धरा.

आणि हे बेट घडवायला घेतलं ते माथ्याकडून. ‘आधी कळस मग पाया’ असं आपल्याकडं वेरूळबद्दल बोलतात, ते शब्दशः खरं आहे. याचा एक मोठा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही: परांची लागत नाही. कळस घडवताना कारागीर ज्या दगडावर पाय रोवून उभा होता, तोच दगड पुढं शिखराचा खालचा थर झाला. तो थर घडवून झाला की आणखी खाली. तीस मीटर उंचीवर लोंबकळत कुणी छिन्नी चालवली नाही. प्रत्येक जण आपल्या पायाखालची जमीन कोरत उतरत आला.

तोटाही तितकाच मोठा. विटेची भिंत चुकली तर पाडून पुन्हा घालता येते. इथं उडालेला टवका परत चिकटत नाही. सभामंडपाच्या छतावर एक मोठं कमळ कोरलंय आणि त्याभोवती चार सिंह उभे आहेत. ते घडवले जात होते तेव्हा खालचा मंडप, त्यातले सोळा खांब, गाभारा, हे सगळं अजून सलग दगडातच होतं. अंगणात दोन्ही बाजूंना एकेक ध्वजस्तंभ आहे, ४५-५० फूट उंचीचा. तो नंतर आणून उभा केलेला नाही. चर खोदताना ‘इथला दगड फोडायचा नाही’ असं अगदी वरच, पहिल्या दिवसांत ठरलेलं असलं पाहिजे. जवळचे दोन मोठे हत्तीही तसेच. नंदीमंडप आणि मुख्य देऊळ यांच्यामधला पूल तर अधांतरी आहे, खालून-वरून दगड काढून मधला पट्टा तेवढा राखलेला. असेच पूल बाजूच्या ओवऱ्यांकडं जाणारेही होते, ते पडून गेले. म्हणजे हिशेब सगळीकडं टिकला असंही नाही.

मग भाच्याचा प्रश्न. एवढं डोक्यात कसं राहिलं?

माझं उत्तर असं आहे की ते एका डोक्यात नव्हतंच. अजिंठ्याची सगळ्यात जुनी लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. वेरूळचं काम सहाव्या शतकाच्या आसपास सुरू झालं. कैलास आठव्या शतकातलं. म्हणजे कैलासाची पहिली रेघ मारली गेली तेव्हा या पट्ट्यातल्या पाथरवटांना हाच दगड फोडण्याचा आठ-नऊशे वर्षांचा सराव होता. कुठं भेग जाते, कुठला थर ठिसूळ, टाकी म्हणजे छिन्नी किती तिरकी धरायची, हे बापाकडून लेकाकडं आलेलं ज्ञान. ज्याला ही रीत डोळ्यांनी बघायची असेल त्याने अजिंठ्याचं चोवीस नंबरचं लेणं पाहावं. ते अर्धवट राहिलंय. पुरं झालेलं लेणं तोंड मिटून बसतं, अर्धवट लेणं सगळं सांगून टाकतं. आधी खोल चर मारायचे, मधे दगडाचे उंचवटे सोडायचे, मग ते बाजूने फोडून काढायचे. खांब आधी नुसते ठोकळे, नक्षी सगळ्यात शेवटी. परग्रहावरचे लोक काम अर्धवट टाकून गेले असतील असं मला वाटत नाही. पैसे देणारा गेला की काम थांबतं, हा माणसांचा अनुभव आहे.

राहिलं ते ‘अठरा वर्षं आणि दोन लाख टन’. यातली अठरा वर्षं आली कुठून? हे काम किती वर्षं चाललं ते सांगणारा लेख देवळात नाही. ज्या राजाच्या नावावर हे देऊळ आहे, त्या राष्ट्रकूट कृष्ण पहिल्याची कारकीर्द साधारण इसवी सन ७५६ ते ७७३ अशी धरतात. अठराचा आकडा त्या कारकिर्दीशी जुळतो, बाकी त्याला काही आधार नाही. काही अभ्यासकांच्या मते हे काम पाच-सहा राजांच्या काळात टप्प्याटप्प्याने झालं. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी शैली तपासून असं मांडलं की मुख्य देऊळ, नंदीमंडप, प्रवेशद्वार असा मोठा भाग कृष्णाच्याच काळातला, आणि बाजूची बरीचशी कामं मागाहूनची.

दोन लाख टन हा अंदाज आहे, आणि बेताच्या बाहेरचा नाही. तोच घेऊन हिशेब मांडू. अठरा वर्षांचे दिवस साडेसहा हजारांच्या वर. म्हणजे रोज ३० टन. ऐकायला भयंकर वाटतं. पण काळ्या दगडाचा एक घनफूट साधारण ८० किलो भरतो. समजा एका माणसाने दिवसभरात दोनच घनफूट दगड फोडला, तर १६० किलो झाले. ३० टनांना माणसं लागतात दोनशेच्याही आत. वाहणारे, टाक्यांना धार लावून पाणी देणारे लोहार, भाकरी भाजणारे हे वेगळे धरा, सण-पावसाचे खाडे धरा, आकडा तिप्पट करा. तरी तो एखाद्या साखर कारखान्याच्या तोडणी टोळ्यांपुढं काहीच नाही. भाच्याने हा हिशेब मोबाइलवर दोनदा करून पाहिला. मग व्हिडिओ बंद केला.

यात नवल नाही असं मी म्हणत नाही. नवल आहेच, फक्त ते टनांत नाही. दोनशे माणसांनी पाडलेल्या दगडातून दहा माणसांना हवा होता तेवढाच दगड उरला, हे नवल आहे.

ते राष्ट्रकूट कोण, हे मराठवाड्यात तरी माहीत असायला हवं. आपल्या कोरीव लेखांत हे राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवतात, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी. हे लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं बहुतेक इतिहासकार मानतात. नांदेड जिल्ह्यातलं कंधार हेही त्यांच्याच वैभवाचं गाव. हे आधी बदामीच्या चालुक्यांचे मांडलिक होते. दंतिदुर्गाने ७५३ च्या सुमारास चालुक्यांची सत्ता उलथवली. त्याचा लेख कैलासाच्या शेजारच्याच पंधरा नंबरच्या, दशावतार लेण्यात आहे. त्याच्यामागून त्याचा चुलता कृष्ण गादीवर आला आणि चालुक्यांचं उरलंसुरलं बळ त्याने मोडलं.

कैलासाचा राजकीय अर्थ इथं लागतो. औंढा नागनाथ किंवा आपल्याकडची कुठलीही हेमाडपंती देवळं आठवा आणि मग कैलासाचं शिखर बघा. हे आपल्या बाजूचं वाटत नाही. मजल्यावर मजले चढत जाणारं, वर घुमटीसारखा कळस असलेलं, थेट दक्षिणी घडणीचं. कारण त्याचा नमुना दक्षिणेतला आहे. चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य याने पल्लवांची कांची जिंकली. त्या विजयाची आठवण म्हणून त्याच्या राणीने, लोकमहादेवीने, कर्नाटकातल्या पट्टदकलला विरूपाक्षाचं देऊळ उभारलं. त्यावर कांचीच्या कैलासनाथ मंदिराची छाप आहे. पुढं त्या चालुक्यांना राष्ट्रकूटांनी हरवलं, आणि विरूपाक्षाशी पुष्कळ मिळतंजुळतं देऊळ वेरूळच्या डोंगरात कोरवलं, मोठं आणि अखंड. तुम्ही दगड रचून केलंत, आम्ही डोंगरातून काढलं. नव्या राज्यकर्त्यांना आपण जुन्यांपेक्षा वरचढ आहोत हे दाखवायची खुमखुमी तेव्हाही होतीच.

धार्मिक अर्थ तर नावातच आहे. कैलास म्हणजे शिवाचा पर्वत. पर्वताचं देऊळ पर्वतातूनच काढायचं, ही कल्पना सुचलेल्या माणसाला मी मनापासून मानतो. देवळाच्या जोत्यावर हत्ती आणि सिंहांची रांग आहे, जणू त्यांनीच वरचा सगळा भार पाठीवर पेललाय. बहुतेकांच्या सोंडा आता तुटल्यात. जोतं बाहेरून एका मजल्याएवढं दिसतं, पण आत भरीव दगड आहे. चढून वर गेल्यावरच देऊळ सुरू होतं. पायऱ्या चढताना उजव्या हाताच्या भिंतीवर रामायण आणि डाव्या हाताला महाभारत, रांगांमधून, चित्रकथेसारखं.

पण घाई असेल तर एकच शिल्प पाहा. दक्षिणेच्या बाजूला, खाली, सावलीत. रावण कैलास उचलतोय.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. गर्वाने फुगलेला रावण पर्वताखाली शिरून तो हलवू लागतो, शिव पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबतो, रावण खाली अडकतो. कारागिराने इथं काय केलंय ते बघा. रावण जवळजवळ सुटा कोरलाय, खोल पोकळीत, वीस हात चहूकडं फाकलेले. पोकळीत काळोख आहे, म्हणून तो खरंच जमिनीच्या पोटात असल्यासारखा वाटतो. वर पार्वती दचकून शिवाच्या दंडाला बिलगलीय. तिची दासी पाठ फिरवून पळत सुटलीय. शिव मात्र निवांत, पाय जरासा टेकवलेला. आता मान वर करा. रावण जो डोंगर हलवतोय, त्याच्यावर हे अख्खं देऊळ उभं आहे. गोष्ट भिंतीवर कोरलीय आणि आपण त्या गोष्टीच्या आत उभे आहोत. हे शिल्प मूळ कामानंतर काही काळाने कोरलं असावं असं अभ्यासक म्हणतात. असेल. मग ज्याने कोरलं त्याला पहिल्या कारागिरांचा बेत पुरता कळला होता, एवढंच मी म्हणेन.

आज सगळं काळं-तपकिरी दिसतं, पण मुळात तसं नव्हतं. देवळावर पांढरा गिलावा होता, अजून कुठं कुठं त्याचे पापुद्रे टिकून आहेत. बर्फाच्छादित कैलास तो! ओसरीच्या छतावर रंगीत चित्रांचे थर एकावर एक दिसतात. जुने लोक या लेण्याला रंगमहाल म्हणायचे, ते उगाच नाही.

त्याला आणखी एक नाव होतं, माणकेश्वर. त्यामागं एक कथा आहे, ‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथात आलेली. एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, एल राजाला दुखणं जडलं. राणी माणकावतीने नवस केला की राजा बरा झाला तर शिवाचं देऊळ करीन आणि कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. आता आली पंचाईत. देऊळ उभं राहायला वर्षं लागणार, तोवर राणी जगणार कशी? कुणीच पुढं येईना. शेवटी पैठणचा कोकस नावाचा कारागीर म्हणाला, आठवड्यात कळस दाखवतो. आणि त्याने माथ्यापासून काम सुरू केलं.

ही इतिहासाची नोंद नाही. राजा, राणी, आजार, सगळंच दंतकथेतलं. पण मला ती फार आवडते, कारण तिच्या पोटात कामाची अचूक माहिती आहे. आठवड्यात कळस दाखवायचा तर वरूनच सुरुवात करावी लागेल, दुसरा उपाय नाही. कथा सांगणाऱ्यांना ही रीत पक्की ठाऊक होती. आणि कारागीर पैठणचा दाखवला, हेही आपल्या माणसांना साजेसंच.

खऱ्या कारागिराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. त्याच्याबद्दल एक ओळ तेवढी आहे, तीही वेरूळला नाही, बडोद्याला मिळालेल्या ताम्रपटात. राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्कराजाचा हा ताम्रपट इसवी सन ८१२-१३ चा, म्हणजे कृष्णाच्या मृत्यूनंतर चाळीसएक वर्षांनी कोरलेला. त्यात म्हटलंय की एलापूरच्या डोंगरावरचं हे देऊळ पाहून विमानातून जाणारे देवही थबकतात, हे आपोआप प्रकटलेलं शिवस्थान असणार, मानवी कृतीत इतकी शोभा दिसत नाही, असं त्यांना वाटतं. आणि ज्याने ते घडवलं तो कारागीर स्वतःच चकित होऊन म्हणतो की अरे, हे माझ्या हातून झालं तरी कसं!

म्हणजे ‘हे माणसाचं काम नव्हे’ ही शंका काही मोबाइलवाल्यांची नवी नाही. बाराशे वर्षांपूर्वी ती राजकवीने देवांच्या तोंडी घातली होती, राजाची स्तुती म्हणून. फरक इतकाच की त्याने पुढच्याच ओळीत कारागिरालाही बोलायला लावलं.

१९८३ मध्ये वेरूळ आणि अजिंठा दोन्ही जागतिक वारसा यादीत गेले. वेरूळची ३४ क्रमांकांची लेणी, १२ बौद्ध, १७ हिंदू, ५ जैन, एका ओळीत आहेत. पाहुण्यांना घेऊन गेलात तर सोळा नंबर पाहून मागं फिरू नका. उत्तरेच्या टोकाला तीस नंबरचं जैन लेणं आहे, छोटा कैलास. कैलासाचीच लहान आवृत्ती, आणि तीही अपुरी. तिथं गर्दी नसते.

आम्ही तिथंच दगडावर बसून डब्यातल्या चकल्या खाल्ल्या. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, पण काढलेला दगड गेला कुठं? व्हिडिओत म्हणे तो गायबच झालाय.”

परतीला गाडी कन्नडच्या रस्त्याने काकांच्या मळ्यात नेली. विहिरीत बोट दाखवून मी त्याला विचारलं, “यातला दगड कुठंय ते सांग.” त्याने विहिरीभोवती चक्कर मारली. ढीग कुठंच नव्हता. काकू गोठ्यातून बाहेर आल्या, त्यांच्या मागची भिंत त्याच दगडाची. घराचं जोतं त्याच दगडाचं. बांधावरची ताल, हौदाचा कठडा, कपडे धुवायचा दगड, आणि रस्त्याच्या खड्ड्यात पडलेला होता तो चुरा. पन्नास वर्षांत एवढं. वेरूळला बाराशे वर्षं झालीत, आणि फोडलेला आयता दगड कुठलं गाव तसाच पडू देतं?

भाचा जोत्यावर बसला होता. त्याने खाली वाकून दगडावरून हात फिरवला आणि विचारलं, “हे ओरखडे टाकीचे का?”

“पहारेचे,” काकू म्हणाल्या. “चहा घेताय ना?”